जमीन नसलेल्या राज्याचे राजदूत
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

व्यासपीठावर बसलेले आपले सर आणि बाई, आणि तीस वर्षांनंतरही आज सकाळी मागच्या रांगेसाठी भांडलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

प्रत्येक तुकडीतून एकानं पंधरा-वीस मिनिटं काहीतरी माहितीचं बोलायचं, अशी आपल्या मेळाव्याची पद्धत आहे. समितीनं मला कळवलं, "तू सॉफ्टवेअरवाली, तर एआयवर बोल." मी नाही म्हटलं. एआयवर आता प्रत्येकाच्या घरात एक काका बोलत असतात, आणि मला कामावर दिवसभर तेच ऐकावं लागतं. त्यापेक्षा माझ्या कामातूनच हाती लागलेली एक वेगळी गोष्ट सांगते. भूगोलाच्या बाई समोर आहेत, त्यांनी चुकलं तर थांबवावं.

माझं काम पासपोर्ट वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचं. तुमच्या पासपोर्टवर फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, बाणासारख्या खुणांनी भरलेल्या, प्रत्येकी 44 अक्षरांच्या. विमानतळावरचं यंत्र त्याच ओळी वाचतं. त्यात देशाचा तीन अक्षरी संकेत असतो. आपला आयएनडी. हे संकेत कोणते चालतील ते आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या 9303 क्रमांकाच्या दस्तऐवजात दिलेलं आहे. आता गंमत अशी, की त्या यादीत सगळे देशच नाहीत. ज्याला कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही अशा माणसासाठी एक्स-एक्स-ए आहे. निर्वासितासाठी एक्स-एक्स-बी आहे. इंटरपोलसाठी एक आहे. आणि एक आहे एक्स-ओ-एम.

आमच्याकडे नव्यानं आलेला एक मुलगा यादी तपासत होता. तो येऊन म्हणाला, "मॅडम, हा देश नकाशात कुठंच नाही. यादीतून काढून टाकू?" मी म्हटलं, राहू दे, काढू नकोस. आणि मग ते काय आहे ते मी वाचत बसले. आता दीड वर्ष झालं, अजून वाचतेच आहे.

एक्स-ओ-एम म्हणजे 'सॉव्हरिन मिलिटरी ऑर्डर ऑफ माल्टा'. पूर्ण नाव याच्या दुप्पट लांब आहे, त्यात जेरुसलेम, ऱ्होड्स आणि माल्टा अशी तीन ठिकाणं येतात. सोयीसाठी आपण नुसतं 'ऑर्डर' म्हणू. कॅथलिक ख्रिस्ती धर्मातला, व्रत घेतलेल्या लोकांचा हा एक संघ. आपल्याकडे शस्त्र बाळगणारे गोसाव्यांचे आखाडे होते, ते डोळ्यांपुढे आणा, आणि त्यांच्या मठात एक मोठं रुग्णालय आहे असं समजा, म्हणजे साधारण कल्पना येईल. या संघाकडे देश नाही. प्रजा नाही. रोममध्ये दोन वास्तू आहेत, एक कोन्दोत्ती रस्त्यावरचा वाडा आणि दुसरी आव्हेंतिनो टेकडीवरची हवेली. आणि तरीही 110 हून अधिक देशांशी आणि युरोपीय महासंघाशी त्याचे पूर्ण राजनैतिक संबंध आहेत. राजदूत जातात, राजदूत येतात, अधिकारपत्रं सादर होतात, दर जानेवारीत सगळ्या राजदूतांना संघाचा प्रमुख भेटतो. आपण नागरिकशास्त्रात राज्याची चार लक्षणं पाठ केली होती, आठवतात का? लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व. यातली पहिली दोन यांच्याकडे नाहीतच.

हे झालं कसं, ते थोडक्यात सांगते. इतिहासाचे सर हसतायत, कारण 'थोडक्यात' म्हणून मी परीक्षेत तीन पुरवण्या घ्यायचे.

अकराव्या शतकात इटलीतल्या अमाल्फी गावच्या व्यापाऱ्यांच्या पैशातून जेरुसलेमला यात्रेकरूंसाठी एक धर्मशाळा आणि दवाखाना निघाला. तो चालवणारा जेरार्ड नावाचा गृहस्थ. 15 फेब्रुवारी 1113 ला पोप दुसरा पास्काल यानं एक फर्मान काढून या दवाखान्याला आपल्या संरक्षणाखाली घेतलं आणि आपला प्रमुख त्यांनी स्वतःच निवडावा, असं ठरवून दिलं. त्यांचं स्वातंत्र्य खरं सुरू झालं ते या कागदापासून. पुढे क्रुसेडच्या धामधुमीत दवाखान्याच्या जोडीला तलवार आली. 1291 मध्ये आक्र पडलं आणि पवित्र भूमीतून त्यांना निघावं लागलं. सायप्रसला गेले. तिथून 1310 पर्यंत ऱ्होड्स बेट घेतलं आणि दोनशेहून जास्त वर्षं तिथं राज्य केलं. सुलतान सुलेमाननं 1522 च्या वेढ्यात ते काढून घेतलं. पुन्हा बेघर. 1530 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सनं त्यांना माल्टा दिलं. मोबदला काय, तर वर्षाला एक बहिरी ससाणा. भाडेकरार म्हणून याहून स्वस्त करार माझ्या ऐकण्यात नाही. पुण्यात तर नाहीच.

माल्टात त्यांनी 268 वर्षं काढली. 1565 चा मोठा वेढा परतवला. माल्टाची आजची राजधानी व्हॅलेट्टा ही त्या वेळच्या प्रमुखाच्या, जाँ दे ला व्हॅलेटच्या नावानं वसवलेली. तिथं त्यांनी बांधलेल्या रुग्णालयातला एकच कक्ष 155 मीटर लांब होता आणि रुग्णांना चांदीच्या ताटांतून जेवण दिलं जाई. हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. याच संघाच्या गलबतांनी भूमध्य समुद्रात मुसलमानांची जहाजं लुटली, माणसं पकडून गुलाम केली आणि वल्ह्यांना जुंपली. माल्टात गुलामांचा बाजार भरत असे. चांदीची ताटं आणि वल्ह्याला बांधलेली माणसं, दोन्ही एकाच बंदरात.

मग 1798. इजिप्तला निघालेल्या नेपोलियननं वाटेत माल्टा घेतलं. फारसा प्रतिकार झाला नाही. चांदी वितळवली गेली. 1802 च्या आमियाँच्या तहात बेट संघाला परत द्यावं असं कलम होतं, पण बेट इंग्रजांच्या हातात होतं, आणि इंग्रजांच्या हातातलं बेट कलमानं परत मिळतं का, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढची आहे. बेट गेलं, जहाजं गेली, युरोपात जागोजागी असलेल्या जहागिरी जप्त झाल्या. 1805 नंतर 74 वर्षं संघाला रीतसर प्रमुखसुद्धा नव्हता, नुसते कारभारी होते. ते इटलीत या गावाहून त्या गावाला फिरत राहिले, आणि 1834 मध्ये रोमला येऊन टेकले. कुठल्याही हिशोबानं ही संस्था तिथं संपायला हवी होती. ती संपली नाही याची मला दोन कारणं दिसतात. एक, त्यांनी तलवारीचं काम सोडलं आणि मूळचं दवाखान्याचं काम पुन्हा धरलं. पहिल्या महायुद्धात जखमींसाठी रुग्णगाड्या चालवण्यापर्यंत ते काम पोचलं. दुसरं, काही दरबारांनी त्यांच्याशी राज्यासारखं वागणं थांबवलं नाही. व्हिएन्नातला त्यांचा वकील वकीलच राहिला. कोणीतरी दार वाजवत राहिलं आणि कोणीतरी आतून उघडत राहिलं.

कायद्याच्या लोकांना यावर वाद घालायला खूप आवडतं. 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात राज्याची चार लक्षणं दिली आहेत, आणि लोकसंख्या व निश्चित भूप्रदेश ही त्यातली पहिली दोन. म्हणजे ऑर्डर राज्य नाही, विषय संपला. पण इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं 1935 मध्ये निकाल दिला, की भूमी नसली तरी ही आंतरराष्ट्रीय कायद्यातली सार्वभौम व्यक्ती आहे. 'व्यक्ती' हा शब्द इथं कंपनी कायद्यात वापरतात तसा. जिचे स्वतःचे हक्क आहेत, जी करार करू शकते, जिच्या वास्तूत पोलिसांना परवानगीशिवाय शिरता येत नाही.

दोन उदाहरणं देते, म्हणजे हे किती विचित्र आहे ते कळेल. तैवानकडे सव्वादोन कोटींच्या वर माणसं आहेत, जमीन आहे, सैन्य आहे, निवडून आलेलं सरकार आहे, आणि आपल्या खिशातल्या फोनमधल्या कितीतरी चिपा तिथं बनतात. त्याला राज्य म्हणून मानणारे देश आज एका डझनाच्या आसपास आहेत. आणि ज्यांच्याकडे यातलं काहीही नाही त्यांना 110 हून जास्त. दुसरं उदाहरण आपल्या घरचं. कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण. जमीन होती, प्रजा होती, दरबार होता, हत्ती होते. पण इंग्रजांशी झालेल्या तहांनी परराष्ट्राचा अधिकार गेला होता. शेजारच्या राज्याला परस्पर वकील पाठवायची सोय नव्हती. आमच्या आजीच्या तोंडी 'संस्थान' हा शब्द इतक्या रुबाबात यायचा, पण या एका बाबतीत रोममधल्या त्या दोन वास्तूंचा अधिकार अख्ख्या संस्थानापेक्षा जास्त होता.

आणि हे एकटेच असे नव्हते. 1870 मध्ये इटलीनं रोम घेतल्यावर खुद्द पोपकडेही जमीन उरली नव्हती. 1929 च्या करारानं 44 हेक्टरांचं व्हॅटिकन शहर मिळेपर्यंत 59 वर्षं परमपीठ भूमीविनाच राजदूत पाठवत आणि स्वीकारत होतं. त्यामुळे युरोपातल्या मुत्सद्द्यांना ऑर्डरचं प्रकरण आपल्याला वाटतं तेवढं चमत्कारिक वाटलं नसावं.

आता तुम्ही विचाराल, या राजदूतांचं काम काय? व्यापार नाही, सीमा नाही, व्हिसा द्यायला देश नाही. त्यांचं काम रुग्णवाहिकांचं. औषधांची पेटी जकातीशिवाय आत यावी, भूकंपानंतर डॉक्टरांच्या तुकडीला लगेच प्रवेश मिळावा, दवाखान्याला सरकारी जागा मिळावी, यासाठी त्या देशाच्या सरकारशी समोरासमोर करार करता येतो. धर्मादाय संस्था मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवते, राजदूताला मंत्री वेळ देतो. फरक एवढाच, पण आपल्यापैकी ज्यांनी सरकारी कचेरीत दिवस काढलेत त्यांना तो केवढा आहे ते कळेल. यातले बरेचसे राजदूत पगार घेत नाहीत. पासपोर्टही राजनैतिक कामापुरतेच, सुमारे 500, आणि पद संपलं की परत. त्यामुळे एक्स-ओ-एम आमच्या यंत्रात वर्षानुवर्षं येतच नाही, तरी यंत्राला ते ओळखता यायला हवं.

सगळ्यात ठळक काम बेथलेहेमला दिसतं. तिथं 1990 पासून ऑर्डर 'होली फॅमिली' नावाचं प्रसूती रुग्णालय चालवते. येशूच्या जन्मस्थानाच्या चर्चपासून ते जवळच आहे. तिथं येणाऱ्या बहुतेक बाया मुसलमान. आजवर लाखाच्या घरात बाळंतपणं झाली आहेत. कमी दिवसांच्या बाळांसाठी अतिदक्षता विभाग आहे. त्या भागात एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना नाके लागतात, आणि कळा सुरू झालेल्या बाईला नाक्यावर थांबणं परवडत नाही. जगभर मिळून ऑर्डरकडे सुमारे 13,500 सभासद, 95,000 स्वयंसेवक आणि 52,000 पगारी कर्मचारी आहेत, त्यातले बहुसंख्य डॉक्टर, परिचारिका आणि मदतनीस.

आता जरा आपल्या घरात येते. दुपारच्या सत्रात आपल्यापुढे एक ठराव आहे. शाळेचा माध्यमिक विभाग बंद होऊन आता सात वर्षं झाली. मराठी माध्यमाला मुलं येईनात, तुकड्या कमी झाल्या, शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि एक दिवस कुलूप लागलं. इमारत आता दुसऱ्या कामाला आहे. म्हणून आपण हा मेळावा मंगल कार्यालयात घेतोय. गटावर कोणीतरी लिहिलं होतं, "शाळाच नाही, तर माजी विद्यार्थी संघ कशाचा?" नाव सांगत नाही, तो समोरच बसलाय आणि त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. संघ विसर्जित करून शिल्लक रक्कम देणगी द्यावी, असा तो ठराव.

मी विरोधात मत देणार आहे, आणि कारण भावनेचं नाही. गेल्या वर्षी संघानं पालिका शाळेतल्या 11 मुलांच्या दहावीच्या शिकवणीचा खर्च उचलला. शिकवायला आपलेच निवृत्त सर आणि बाई गेल्या. दुसरं काम कोणाच्या लक्षात येत नाही. आपली जुनी जनरल रजिस्टरं संस्थेच्या दुसऱ्या शाळेत एका कपाटात आहेत. कोणाला जन्मतारखेसाठी, जातीच्या दाखल्यासाठी, मुलाच्या परदेशच्या कागदांसाठी शाळा सोडल्याचा दाखला पुन्हा लागतो. गेल्या चार वर्षांत असे 60 हून जास्त अर्ज आपल्या चिटणीसांकडे आले. आपल्या संघाच्या पत्राला कायद्यानं काडीची किंमत नाही. पण त्या कार्यालयातले कारकून ते पत्र बघतात, मान हलवतात आणि कपाटाची किल्ली काढतात. संघ विसर्जित झाला, तर उद्या 1974 च्या तुकडीतल्या एखाद्या ताईंनी कोणाचं पत्र घेऊन जायचं? शिल्लक रकमेची देणगी ते पत्र लिहिणार नाही. नुसतं वर्षातून एकदा जमून जेवायचं असेल, तर मात्र संघ नको, त्याला केटरर पुरे.

असो. मूळ विषयाकडे येते, कारण ऑर्डरचं मी फार कौतुक केलं आणि त्याला मर्यादाही आहेत.

पहिली मर्यादा म्हणजे पोप. सार्वभौम म्हणवणाऱ्या या संघाच्या वरच्या वर्गाचे सभासद आज्ञापालनाचं व्रत घेतात, आणि ते व्रत शेवटी पोपपर्यंत पोचतं. 2016 मध्ये म्यानमारमधल्या मदतकार्यात निरोध वाटले गेल्यावरून आतच भांडण पेटलं. संघप्रमुख मॅथ्यू फेस्टिंग यांनी बोझेलागर या वरिष्ठ अधिकाऱ्याला पदावरून दूर केलं. पोप फ्रान्सिस यांनी चौकशी नेमली. फेस्टिंग म्हणाले, हा आमच्या सार्वभौम कारभाराचा प्रश्न आहे. जानेवारी 2017 मध्ये पोपनी त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं आणि त्यांनी दिला. दुसऱ्या कुठल्या राज्याच्या प्रमुखाला असं एका भेटीत घरी पाठवता आलं असतं? सप्टेंबर 2022 मध्ये पोपनीच नवी घटना लागू केली. प्रमुख होण्यासाठी उमराव घराण्यात जन्म असण्याची अट तीत गेली, हे मात्र चांगलं झालं. अकराव्या शतकातला दवाखाना एकविसाव्या शतकात कुळ बघून माणूस निवडत होता. आजीव पदाऐवजी दहा वर्षांची मुदत आली. 2023 च्या मेमध्ये कॅनडाचे जॉन डनलप, पेशानं वकील, प्रमुख झाले.

दुसरी मर्यादा संयुक्त राष्ट्रांत दिसते. तिथं 1994 पासून ऑर्डरला निरीक्षकाचा दर्जा आहे. पण व्हॅटिकनचं परमपीठ बसतं ते 'सभासद नसलेली राज्यं' या रांगेत, आणि ऑर्डर बसते रेडक्रॉससारख्या संस्थांबरोबर, 'इतर' मध्ये. म्हणजे जगानं त्यांना खुर्ची दिली, पण कुठल्या रांगेत ते नीट बघून दिली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. अमेरिका, ब्रिटन, चीन यांचे ऑर्डरशी पूर्ण राजनैतिक संबंध नाहीत, आणि भारताचंही नाव त्या यादीत नाही. आपलं काही अडलंय असं मला वाटत नाही.

आपला त्यांच्याशी एक लांबचा धागा मात्र आहे. आठवीत प्रथमोपचाराचा वर्ग झाला होता, त्रिकोणी पट्टी बांधायला शिकवलं होतं, आणि आपण सगळ्यांनी एकाच धष्टपुष्ट मुलाचा हात मोडल्याचं समजून तो गळ्यात बांधला होता. त्या सेंट जॉन अॅम्ब्युलन्सच्या प्रमाणपत्रावर आठ टोकांचा क्रॉस होता. तो याच घराण्यातला. त्या संस्थेमागे 1888 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सनदेनं उभी राहिलेली इंग्रजी शाखा आहे. ती रोमच्या ऑर्डरहून वेगळी, पण खूण तीच. कोणाकडे ते प्रमाणपत्र अजून असेल तर बघा.

आणि कोणी रोमला जाणार असेल तर आव्हेंतिनो टेकडीवर जरूर जा. तिथल्या हवेलीच्या हिरव्या दरवाजाला किल्लीचं भोक आहे. त्याला डोळा लावला की छाटलेल्या झाडांच्या बोगद्याच्या टोकाला सेंट पीटरचा घुमट दिसतो. उभे तुम्ही इटलीत, बाग ऑर्डरची, घुमट व्हॅटिकनचा. बहुतेक वेळा रांग असते, तेव्हा सकाळी लवकर जा.

वेळ संपल्याची घंटा आपल्या शिपाईकाकांनीच दिली आहे, तीही जुन्याच पितळी टोल्यावर, त्यामुळे मी थांबते. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, आणि दुपारच्या मतदानाला सगळे थांबा.